जिमची फी, संध्याकाळचं हॉटेल आणि धंद्याचं खातं



परवा आमच्या बॅचमध्ये लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण म्हणाला, "सर, जिमची फी मी धंद्याच्या खर्चात टाकतो. दिवसभर कॅमेरा उचलायला ताकद नको का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग त्याला विचारलं, "उद्या फोटोग्राफी सोडून किराणा दुकान टाकलंस, तर जिम बंद करशील?" तो म्हणाला, "छे, जिम कशी बंद करेन?"

मग उत्तर त्यानेच दिलं की!

मित्रांनो, ही कसोटी लक्षात ठेवा. धंदा बंद झाला तरी जो खर्च चालूच राहणार, तो तुमचा खर्च आहे, धंद्याचा नाही. सकाळचा नाश्ता, पान, सिगारेट, रोजचे कपडे, मित्रांबरोबरचं जेवण हे सगळं त्यातच येतं. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 37(1) होतं. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला हवा आणि तो वैयक्तिक नसावा, असं ते सांगत होतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तत्त्व तेच राहिलं.

यात भलेभलेही अडकलेत. प्रसिद्ध ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांनी आपल्या हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा सुमारे 1 लाख 74 हजारांचा खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवला होता. मुद्दा असा, की हृदय चालतं म्हणून वकिली चालते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये हा दावा फेटाळला. हृदय जगण्यासाठी प्रत्येकालाच लागतं, फक्त वकिलीसाठी नाही. एवढ्या मोठ्या वकिलाचं हृदय धंद्याच्या खर्चात बसलं नाही, तर आपले बायसेप्स कुठून बसणार?

तुम्ही म्हणाल, "सर, सगळेच करतात. कोण तपासायला येतंय?"

मीही हेच म्हणायचो. 2014 च्या सुमारास माझा फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापण्याचा धंदा होता. संध्याकाळी मित्रांबरोबर हॉटेलात बसायचो आणि बिलावर लिहायचो 'ग्राहक भेट'. घरच्या गाडीचं पेट्रोल, पोरांचे रिचार्ज, गावाकडच्या फेऱ्या, सगळं दुकानाच्या खात्यात. खरा नफा वर्षाला 3 लाख 90 हजारांच्या आसपास, रिटर्नमध्ये दिसायचा 1 लाख 80 हजार. कर शून्य. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

मग दुसरं मशीन घ्यायची वेळ आली. बँकेच्या साहेबांनी तीन वर्षांचे रिटर्न चाळले आणि शांतपणे विचारलं, "महिन्याला पंधरा हजार नफा, हप्ता बसतोय अकरा हजारांचा. उरलेल्या चार हजारांत घर चालवता?"

काय बोलणार? खरा नफा सांगावा तर आयकर खात्याशी खोटं बोललो हे कबूल करावं लागतं. गप्प बसावं तर कर्ज जातं. मी गप्प बसलो. शेवटी बायकोचे दागिने गहाण टाकून मशीन आणलं. ते सोडवायला अडीच वर्षं गेली. त्या काळात घरातल्या दोन लग्नांना ती नुसत्या मण्यांच्या मंगळसूत्रावर गेली. एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आणि या हुशारीतून वाचत किती होते? वर्षाला जेमतेम बारा हजार!

आता आजचा हिशोब बघा. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. तुमचा नफा सात-आठ लाख असेल, तर हॉटेलची बिलं घुसवून एक रुपयाही वाचत नाही. जे अंदाजित उत्पन्न योजनेत रिटर्न भरतात, म्हणजे उलाढालीच्या 8 टक्के किंवा डिजिटल जमेवर 6 टक्के नफा दाखवतात, त्यांना वेगळा खर्च वजाच करता येत नाही. तरी पिशवीभर बिलं जमवणारे लोक मी दर बॅचला बघतो. जीएसटीतही तेच. स्वतःच्या खाण्यापिण्यावर, जिमवर, क्लबच्या सभासदत्वावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि ज्याला खरोखर 30 टक्के कर बसतो, त्याचेही 100 रुपये खर्चून तीसच वाचतात. सत्तर खिशातून गेलेच. वर पुराव्याशिवाय खर्च दाखवल्याचं सापडलं, तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड.

पण माझ्या मते दंडापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. धंद्याच्या नावावर टाकलेली सवय आपल्याला खर्च वाटतच नाही. माझं हॉटेल आठवड्यातून एकदाचं चार वेळा कधी झालं, मला कळलंच नाही. कारण पैसे 'दुकानाचे' होते ना! आणि खातंच खोटं असेल तर दर कसा ठरवणार? कामगाराला पगारवाढ देता येईल की नाही, हे कशावरून कळणार?

याचा अर्थ हक्काचा खर्चही सोडा, असं मी म्हणत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला पाजलेला चहा धंद्याचाच. घरातली एक खोली ऑफिस असेल, तर भाड्याचा आणि लाइटबिलाचा तेवढा वाटा धंद्याचा. दुचाकी दोन्हीकडे फिरत असेल, तर वहीत किलोमीटर लिहा आणि तेवढाच भाग दाखवा. हे बिनधास्त घ्या, पण नोंद ठेवा.

बाकीच्यासाठी आपल्या जुन्या हिशोबाच्या वहीत एक छान शब्द आहे: उचल. मालकाने स्वतःसाठी काढलेला पैसा. ती खर्चात जात नाही, तुमच्या भांडवलातून वजा होते. उचल करण्यात लाज नाही. तुमचाच धंदा, तुमचाच पैसा. फक्त तिला 'ग्राहक भेट' म्हणू नका.

आज रात्री एक काम करा. गेल्या महिन्याचं बँक स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक खर्चासमोर 'धं' किंवा 'उ' लिहा. धंद्याचा की उचल. शेवटी 'उ'ची बेरीज करा. तो आकडा बघून दचकलात तर बरंच आहे. मी तो बँकेच्या साहेबांसमोर बसून बघितला होता. तुम्ही घरी बसून बघा.