गल्ल्यापलीकडचा हिशेब

आपल्या जालन्यात धंद्याला तोटा नाही. मोंढ्यात आडत आहे, औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. एखादा होतकरू तरुण नव्या दुकानाचे शटर उचलतो तेव्हा जो तो विचारतो, "सुटतं किती?" प्रश्न रास्त आहे. दुकानभाडे, कारागिराची मजुरी, घरखर्च नफ्यातूनच भागतो. जकातसुद्धा शिल्लक राहिली तरच निघते. पण त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो: या धंद्याने गिऱ्हाइकाची कोणती नड भागणार?

याचे उत्तर याच गावात सापडते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको' ही बियाणे कंपनी काढली. बियाणे हा माल असा, की घेताना शेतकऱ्याला त्याची पारख करता येत नाही. पेरल्यावरच कळते. बी उगवले नाही तर एक वेळ पैसे परत मिळतील, हंगाम परत मिळत नाही. लहान शेतकऱ्याला खात्रीचे बियाणे हवे, ही नड बारवाले यांनी ओळखली आणि बीजोत्पादनही शेतकऱ्यांकडूनच करून घेतले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. पुढे २००६ साली बीटी कपाशीच्या बियाण्याच्या किमतीवरून वाद झाला, तोही बोलका आहे. नड भागवणाऱ्याकडेही भावाचा जाब मागितला जातोच.

आपल्या हातचा माल तरी वेगळा कुठे आहे? वेल्डिंगचा जोड रंगाखाली झाकतो, गादीतला कापूस खोळीत जातो, शिलाई अस्तराआड लपते. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर पैसे मोजते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. पावसाने भिजला, असे व्यापारी म्हणाला. मग तो लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले.

म्हणून धंद्यात उतरणाऱ्या बंधूंनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ठरवाव्यात. खोट असेल तर ती सांगूनच माल विकायचा. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यायची. आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या रिकाम्या पोराला हाताखाली घेऊन कसब शिकवायचे. सुरुवातीला दोन पैसे कमी सुटतील. पण रात्री गल्ला मोजताना त्यात कोणाच्या बुडालेल्या हंगामाचा पैसा नाही, एवढी खात्री असेल, तर बरकत त्याच कमाईत आहे.