गॅस डिटेक्टर घराबाहेरच सुरू करा

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनो, वॉचमनदादांनो आणि घरात सिलिंडर किंवा पाइपचा गॅस असलेल्या सर्वांनो,

गॅसगळती शोधायचं हातात धरायचं यंत्र तुमच्या ऑफिसच्या कपाटात पडून असेल, तर ते आजच बाहेर काढा. थंडीत रात्रभर खिडक्या बंद असतात आणि गळलेल्या गॅसला बाहेर पडायला वाट नसते.

आधी एक गोष्ट पक्की करा. घरात गॅसचा उग्र वास भरला असेल, तर यंत्र घेऊन शोधत बसायचं नाही. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कोणत्याही बटणाला हात लावू नका आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. एलपीजीसाठी 1906 वर फोन करा, तोही बाहेर गेल्यावरच. पाइपगॅसचा तातडीचा नंबर बिलावर असतो. तो जिन्यात मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. यंत्र आहे ते पुसट वासासाठी आणि अधूनमधून करायच्या तपासणीसाठी.

आता सर्वांत घातक चूक. यंत्र सुरू केलं की सेन्सर तापायला थोडा वेळ लागतो. त्यानंतर बहुतेक यंत्रं भोवतालची हवा स्वच्छ आहे असं धरून तिथेच शून्य ठरवतात. स्वयंपाकघरात गॅस साचलेला असताना तिथेच बटण दाबलं, तर त्या गॅसलाच यंत्र शून्य मानतं आणि गप्प बसतं. मग ‘काही नाही हो’ म्हणत माणसं झोपायला जातात. म्हणून बटण इमारतीबाहेर, मोकळ्या हवेत दाबा. टिकटिक संथ आणि एकसारखी झाली की मगच आत जा. झिरोचं बटण वेगळं असेल तर आत गेल्यावर त्याला हात लावायचा नाही.

दुसरी कळ संवेदनशीलतेची, बहुधा अंगठ्याने फिरवायचं चाक. टिकटिक वाढून कलकलाट झाला की लोक घाबरून ते मागे फिरवतात. आवाज कमी होतो, गॅस तेवढाच राहतो! ते चाक मागे घ्यायचं ते फक्त नेमका सांधा सापडावा म्हणून: आवाज संथ करायचा, टोक थोडं पुढे न्यायचं, पुन्हा वाढला की पुन्हा संथ करायचा.

पडद्यावर आकडे दिसत असतील तर एलईएलचा टक्का नीट समजून घ्या. तिथले 100 म्हणजे खोलीत शंभर टक्के गॅस नव्हे. हवा ठिणगीने पेट घेण्याइतकी झाली, असा त्याचा अर्थ. एलपीजीच्या बाबतीत हवेत जेमतेम 2 टक्के गॅस त्याला पुरतो. आकडा 10 वर गेला की शोध थांबवून बाहेर या.

एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे यंत्राचं टोक ओट्याखाली, जमिनीलगत, रेग्युलेटर आणि नळीच्या दोन्ही टोकांशी सावकाश फिरवा. पाइपचा गॅस हलका. तो सांध्याच्या वरच्या अंगाला आणि छताजवळ शोधा. संशय आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, पण आधी यंत्र बाजूला ठेवा, कारण टोक ओलं झालं की सेन्सर बिघडतो. डिओ, सॅनिटायझर, थिनर यांनाही ही यंत्रं ओरडतात. मात्र तसा आवाज झाला म्हणून ‘डिओच असेल’ असं ठरवून मोकळं व्हायचं नाही.

नवीन यंत्र घेताना ते गॅस असलेल्या जागेत वापरायला प्रमाणित आहे का, हे विचारा. आपल्याकडे अशी मान्यता ‘पेसो’ ही केंद्रीय यंत्रणा देते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे.

आणि हात जोडून एक सांगणं: हे यंत्र घेऊन कुणालाही सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवू नका. तिथे माणूस हायड्रोजन सल्फाइडने आणि ऑक्सिजन संपल्याने मरतो, आणि फक्त ज्वलनशील गॅस शोधणारं यंत्र त्यातलं काहीच भरवशाने सांगत नाही.

येत्या रविवारी सोसायटीच्या आवारात सगळ्यांना बोलवा. सेल तपासा, यंत्र सुरू करा आणि रात्रपाळीच्या वॉचमनच्या हातात द्या.