अंगणातली काठी आणि ताऱ्यांचं अंतर



आकाशातल्या अंतरांचा विषय निघाला की आमच्या बाजारहत्नूरला कुणीतरी हमखास विचारतं, "एवढ्या लांब टेप घेऊन गेलं होतं कोण?" हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. कापूस काट्यावर चढला की आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी, शेताच्या मोजणीला बांधावर उभी राहणारी ही माणसं. त्यांनी ताऱ्यांचा आकडा तेवढा निमूटपणे मान्य करावा, असं आपण का म्हणायचं? म्हणून या वेळी मोजायची रीतच पाहू. तिची पहिली पायरी आपल्या अंगणातच आहे.

हैदराबाद आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. दरवर्षी ९ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास तिथं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आपल्याकडे तो आठवडाभरानं, १७-१८ मेच्या सुमारास येतो. म्हणजे ९ मेला हैदराबादेत सावली नसते, तेव्हा बाजारहत्नूरला काठीची थोडी सावली उत्तरेकडे पडलेली असते.

एक मीटरची सरळ काठी घ्या. गवंड्याच्या ओळंब्यानं ती अगदी उभी करा. बारा वाजल्यापासून साडेबारापर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि सगळ्यांत आखूड सावली मोजा. ती साधारण साडेतीन सेंटीमीटर भरेल. हैदराबादेत आपलं कुणी ना कुणी असतंच. त्यांना फोन करून तिथली सावली खरंच गेली का, तेवढं विचारा.

आता हिशेब. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटीमीटर असतो. साडेतीन सेंटीमीटर म्हणजे त्याचा सुमारे १८० वा भाग. सूर्य फार लांब असल्यामुळे त्याचे किरण दोन्ही गावांवर समांतरच येतात. तरीही सावल्या वेगळ्या पडतात, कारण जमीन गोल आहे. म्हणजे ही दोन गावं पृथ्वीच्या घेराच्या १८० व्या भागाइतकी लांब आहेत. रस्त्यानं नव्हे, नकाशावर सरळ मोजलं तर हे अंतर सुमारे २२५ किलोमीटर आहे. २२५ गुणिले १८० म्हणजे ४०,५००. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर! लांबचा प्रवास न करता, उंबऱ्याबाहेरच्या चार पावलांत पृथ्वी मोजून झाली. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये असंच केलं होतं.

यात एक मेख आहे. सावलीची कड पुसट असते. साडेतीनऐवजी चार सेंटीमीटर वाचलं, तर घेर ३५,००० च्या आसपास येतो. अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीनं पाच हजार किलोमीटर गायब! यावर उपाय एकच, पायाचं अंतर वाढवायचं. हैदराबादऐवजी कन्याकुमारीशी तुलना केली, तर तेवढीच चूक फारशी जाणवणार नाही.

हेच काम आपल्या भागात फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. विल्यम लॅम्बटन यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणी सुरू केली. पुढे ७८ रेखांशाच्या आसपासनं कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी बांधली गेली. हा रेखांश बाजारहत्नूरच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावरून जातो. एक बाजू साखळीनं जमिनीवर मोजायची, बाकी सगळं टेकड्यांवरून कोन मोजून काढायचं. समोरच्या डोंगरावर टेप घेऊन जावं लागत नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचं उरलेलं काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुरं केलं. त्यातून पृथ्वीचा आकार किती नेमका आहे, ते कळलं.

हाच त्रिकोण आकाशात लावायचा. पृथ्वी मोजली, मग तिच्यावरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र पाहिला आणि सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे हे कळलं. आता पाया केवढा झाला पाहा. आज आणि सहा महिन्यांनी पृथ्वी ज्या दोन जागी असते, त्यांच्यात ३० कोटी किलोमीटर अंतर असतं. तेवढ्यानं जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बोट पाहिलं की ते सरकतं, तसंच. १८३८ मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्यासाठी हे मोजलं. तो कोन एवढा बारीक होता, की १५ किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढा. आपल्याला सर्वांत जवळचा तारा, सूर्य सोडून, सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. त्याचा प्रकाश यायला सव्वाचार वर्षं लागतात.

तारे स्वतःही हळूहळू सरकत असतात, म्हणून त्यांच्या जुन्या जागा नोंदलेल्या असणं फार मोलाचं. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. पुढे ती निजाम सरकारकडे आली आणि बेगमपेटला काम सुरू झालं. आपला आदिलाबाद जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतलं होतं. निजामिया वेधशाळेच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांतले काही लाख तारे तिथल्या माणसांनी काचेच्या फोटोपट्ट्यांवरून एकेक करून मोजले. सन २००० मध्ये उपग्रहाच्या मोजणीवरून पंचवीस लाख ताऱ्यांची सूची निघाली, तेव्हा ताऱ्यांची गती काढायला या जुन्या नोंदी कामी आल्या. मोजणाऱ्यांना तो दिवस पाहता आला नाही, पण त्यांनी मोजताना हयगय केली नव्हती.

पायऱ्या अशा एकीवर एक आहेत. खालची हलली तर वरच्या सगळ्या हलतात. तारे त्याहून लांब गेले की हा त्रिकोणही अपुरा पडतो, तिथं दुसरी युक्ती लागते. ती पुढच्या महिन्यात पाहू.

तोवर घरातल्या मुलांना काठी आणि ओळंबा शोधायला सांगा. ९ मेला ऊन कडक असेल, डोक्यावर टोपी असू द्या आणि सूर्याकडे थेट पाहू नका. सावली किती भरली, ते गावाच्या नावासह मला कळवा. सगळ्यांचे आकडे आले, की आपली पृथ्वी आपणच मोजू.