परीक्षा इंग्रजीची, गोष्ट आपली

समोर परीक्षक बसलेले असतात. टेबलावर ध्वनिमुद्रण सुरू असते. प्रश्न अगदी साधा येतो : आपण कोठे राहता? आपल्या घरातील कोणती खोली आपल्याला अधिक आवडते? ज्या घरात आयुष्याची पंचवीस वर्षे गेली, त्या घराविषयी दोन वाक्ये बोलताना मात्र घशाला कोरड पडते. शब्द पाठ केलेले असतात, व्याकरणाची पुस्तके संपवलेली असतात, तरीही जीभ जड होते. असे का व्हावे?

परदेशातील शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतर यांसाठी अनेक देश व संस्था इंग्रजीच्या जाणकारीचा पुरावा मागतात. त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षांपैकी आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. तिच्यातील संभाषणाचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. आरंभी घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी यांवर प्रश्न विचारले जातात. नंतर एक विषयपत्रिका हाती देतात. १ मिनिट विचार करून त्यावर जास्तीत जास्त २ मिनिटे बोलायचे असते. शेवटी त्याच विषयाला धरून थोडी व्यापक चर्चा होते. बोलण्यातील ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखेच महत्त्व दिले जाते. आपले मत परीक्षकांना पटले की नाही, यावर गुण अवलंबून नसतात.

म्हणजे परीक्षा कठीण ज्ञानाची नाही, रोजच्या जगण्याची आहे. पण नेमके येथेच बहुतेकांचे पाऊल घसरते. रोजच्या जगण्यात सांगण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते आणि आपण दुसऱ्याचे उत्तर उसने घेतो.

बडोद्यात आमच्या शेजारी राहणारी एक तरुण परिचारिका अशीच एके दिवशी माझ्याकडे आली. परदेशातील नोकरीसाठी तिने ही परीक्षा दिली होती आणि संभाषणात तिला अर्धा गुण कमी पडला होता. परीक्षेचे शुल्क दहा हजार रुपयांहून अधिक. ते पुन्हा भरायचे होते. तिच्याजवळ एक वही होती. शिकवणी वर्गातून मिळालेली चाळीस उत्तरे तिने त्या वहीत उतरवून तोंडपाठ केली होती. त्यांतील एक उत्तर काश्मीरच्या सहलीचे होते. ती काश्मीरला कधीच गेलेली नव्हती. परीक्षकांनी सहज विचारले, तेथे जेवणात काय आवडले? आणि तिची पाठ केलेली वाट तेथेच संपली.

पाठ केलेले उत्तर लपत नाही. त्याची लय वेगळी असते, गती वेगळी असते, आणि पुढचा प्रश्न आला की ते कोसळते. प्रशिक्षित परीक्षकांच्या ते चटकन ध्यानात येते.

मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि मराठीतच विचारले, “तुझ्या घरात जुनी अशी एखादी वस्तू आहे का?”

“आहे ना मावशी, आजीचे पितळेचे पातेले आहे. जुने आहे,” ती म्हणाली आणि थांबली.

या थांबण्याने माझे डोळे उघडले. अडचण केवळ इंग्रजीची नव्हती. ती मराठीतही दोन वाक्यांच्या पुढे जात नव्हती. मग मी एकेक प्रश्न विचारीत गेले. पातेले कोठून आले? त्यात काय शिजत असे? आता ते कोठे असते? हळूहळू ती खुलली. दारात कल्हईवाला यायचा. तो भाता लावून निखारे फुलवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा आणि काळपट भांडे आतून चांदीसारखे उजळायचे. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आजी तिकडे जातीने लक्ष द्यायची. बोलता बोलता पाच मिनिटे झाली, हे तिलाही कळले नाही.

“आता हेच इंग्रजीत सांग,” मी म्हटले.

“कल्हईला इंग्रजीत काय म्हणतात, मावशी?”

“ते राहू दे. रुग्णालयात एखाद्या गुजराती आजींना मराठी शब्द कळला नाही, तर तू काय करतेस?”

“समजावून सांगते.”

तिने तसेच केले. भांड्याच्या आतून पांढऱ्या धातूचा पातळ थर देतात, म्हणजे अन्न बिघडत नाही, एवढेच तिने साध्या इंग्रजीत सांगितले. नेमका शब्द आठवला नाही तर तो अर्थ दुसऱ्या शब्दांत मांडता येणे, हे या परीक्षेत कौशल्यच मानले जाते. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपली माणसे घरात एक, बाजारात दुसरी आणि कामावर तिसरी भाषा बोलतात. अर्थ सांभाळून भाषा बदलण्याची ही सवय त्यांच्या अंगी आधीच मुरलेली असते. तिचे मोल मात्र त्यांना ठाऊक नसते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. इंग्रजी बोलायचे तर विचारही इंग्रजीतच करावा, असे अनेक शिक्षक सांगतात. त्यात तथ्य आहे. ‘मला थंडी वाजते’ या वाक्याचे शब्दशः भाषांतर केले, तर ऐकणारा गोंधळून जाईल. कारण इंग्रजीत थंडी ‘वाजत’ नाही. वाक्ये त्या भाषेच्या वळणानेच यायला हवीत आणि त्यासाठी ती भाषा भरपूर ऐकली पाहिजे. परंतु वाक्य वेगळे आणि सांगण्याजोगी गोष्ट वेगळी. गोष्ट आपल्या अनुभवातून येते आणि तो अनुभव प्रथम आपल्या भाषेत जागा होतो. ज्याला स्वतःच्या भाषेत आपले जगणे मांडता येत नाही, त्याला परकी भाषा केवळ शब्द पुरवील. आशय पुरवू शकणार नाही.

उच्चारांचेही असेच आहे. इंग्रज माणसाची नक्कल करण्याची गरज नसते. आपण मराठी माणसे ‘व’ हा एकच ध्वनी वापरून इंग्रजीतील दोन वेगळे ध्वनी उच्चारतो. शब्दात कोणत्या अवयवावर जोर द्यायचा, इकडेही दुर्लक्ष करतो. एवढे सुधारले तरी बोलणे अधिक सुबोध होते. आपली मातृभाषा कानाला जाणवली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सरावाची रीत साधी आहे. रोज एक विषय घ्यावा : शेजारी, बसचा प्रवास, आवडता सण, बिघडलेले यंत्र. आधी तो मराठीत कोणाला तरी सांगावा. मग १ मिनिट टिपणे काढून २ मिनिटे इंग्रजीत बोलावे आणि भ्रमणध्वनीवर ते ध्वनिमुद्रित करावे. ते ऐकून एकच चूक निवडावी, दहा नव्हे, आणि तीच गोष्ट पुन्हा सांगावी. शेवटी स्वतःला ‘असे का?’ हा प्रश्न विचारावा. पितळेची भांडी मागे का पडली? स्टील आल्यावर कल्हईवाल्याचे काय झाले? परीक्षेच्या अखेरच्या चर्चेची तयारी यातूनच होते.

त्या मुलीला दुसऱ्या खेपेस हवे तेवढे गुण मिळाले. परीक्षेत पातेल्याचा विषय आलाच नाही; शेजाऱ्यांविषयी विचारले होते. ती वहीतले काही बोलली नाही, आमच्या वाड्याविषयी बोलली.

शाळा मध्येच सुटलेल्या माणसाच्या मनात एक खोल समज असतो : आपण शिकलो नाही, म्हणून आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. हा समज इंग्रजीच्या भीतीहूनही अधिक घातक आहे. ज्याने संसार ओढला, रात्रपाळ्या केल्या, परमुलखात घर उभे केले, त्याच्याजवळ विषयांची वाण कशी असेल? परीक्षा कोणत्याही भाषेची असो, तिची तयारी आपल्या अंगणातून सुरू करावी. आज घरी गेल्यावर एखादी जुनी वस्तू हातात घ्या आणि तिची गोष्ट कोणाला तरी सांगा. पहिला धडा तेथेच आहे.