रांग नव्हे, प्राण आधी

धानाच्या पट्ट्यात पावसाळा आला की मण्यारीचे भय येते. रात्री जमिनीवर निजलेल्याला ती डसते. वेदना, सूज पुष्कळदा जाणवतही नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असा रुग्ण अपघात विभागात निमूट बसलेला असतो. शेजारी किरकोळ जखमेचे नातलग आवाज चढवीत असतात. अशा वेळी आधी कोणाला तपासावे?

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावाला मोठ्या रुग्णालयाचे अंतर हा प्रश्न नाही. येथील केटीएस रुग्णालय २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले. पण जिल्ह्याच्या रुग्णालयाचे दार एकच. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावचे रुग्णही तेथेच येणार. २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेल्या १०८ सेवेने घरापासून दारापर्यंतची वाट सुकर केली. दारापासून उपचारापर्यंतची वाट मात्र राज्यात अनेक ठिकाणी अजून बिकट आहे.

केवळ डॉक्टर वाढवून ती सरळ होणार नाही. सायंकाळनंतर गावात उपचार मिळत नाहीत, म्हणून सर्दी-तापाचे रुग्णही अपघात विभाग गाठतात. वरच्या कक्षात खाट रिकामी होत नाही, म्हणून दाखल रुग्ण खालीच अडकून राहतो. यावर उपाय आहेत. दारातच प्रशिक्षित परिचारिकेने नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध तपासून लाल, पिवळा, हिरवा असा क्रम लावावा. बरे झालेल्यांना सकाळीच घरी सोडावे. प्राथमिक आरोग्य केंद्र सायंकाळीही जागे असावे. नेपोलियनचा शल्यविशारद लॅरे याने रणांगणावर हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार केले. हा क्रम त्याच विचाराचा आहे. जखमीला कायदेशीर सोपस्कारांसाठी ताटकळत ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच बजावले आहे.

शासनाचे कर्तव्य शासनाने करावेच. पण समाजाचेही एक कर्तव्य आहे. आपल्यानंतर आलेला रुग्ण आधी आत गेला, तर तो अन्याय नसून धर्म आहे, हे उमजण्याची शिस्त समाजात रुजली पाहिजे. पुढाऱ्याच्या दूरध्वनीने क्रम मोडतो, तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी श्वास थांबू शकतो. डॉक्टरवर हात उगारल्याने तर साऱ्यांचेच उपचार थांबतात.

डॉ. हेडगेवारांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण व्यवसाय केला नाही; समाजाला संघटित करण्यातच त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील रुग्णालयात आळीपाळीने उभे राहावे. केसपेपर काढून देणे, चाकाची खुर्ची ढकलणे, घाबरलेल्या नातलगांना हा क्रम समजावणे, एवढ्यानेही परिचारिकेचे हात रुग्णासाठी मोकळे होतील. निमूट बसलेल्याकडे ज्याचे आधी लक्ष जाते, तोच समाज खऱ्या अर्थाने संघटित म्हणावा.