भाड्याची खोली घेण्याआधी गल्ला तपासा

हंगाम बरा गेला, हातात चार पैसे शिल्लक राहिले की आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या मनात एकच विचार येतो: एखादी खोली नाहीतर गाळा घेऊन ठेवावा, भाडे येत राहील, म्हातारपणाची सोय होईल. विचार वाईट नाही. जागा डोळ्यांना दिसते, मुलांना वारशाने देता येते. मात्र जागा घेताना जेवढी चौकशी बिल्डरची होते, तेवढी स्वतःच्या गल्ल्याची होत नाही, ही आमची तक्रार आहे.

आमच्या परिचयातील एका बॅग कारखानदाराची गोष्ट सांगतो. धारावीत कारखाना, दहा-बारा कारागीर, माल चांगला. त्यांनी मुंब्र्यात एक खोली घेतली. पैसे कमी पडले तेव्हा रेक्झिन आणि चेन घेण्यासाठी ठेवलेली रक्कम त्यात घातली, उरलेले कर्ज काढले. खोली पाच महिने रिकामी राहिली. इकडे रमजानच्या आधी मोठ्या ऑर्डरी आल्या, पण कच्चा माल रोखीने उचलायला पैसा नव्हता. ऑर्डरी दुसरीकडे गेल्या आणि दोन चांगले कारागीरही त्यांच्यामागे गेले. खोली आजही त्यांच्या नावावर आहे, पण ती ज्या कारखान्याच्या कमाईतून आली तो कारखाना निम्म्यावर आला.

असे का होते, हे आकड्यांत पाहू. उदाहरणादाखल धरू की खोलीची किंमत २२ लाख, आणि मुद्रांक, नोंदणी व किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी २ लाख. म्हणजे एकूण २४ लाख. भाडे महिना ९ हजार. आपले लोक लगेच १२ ने गुणतात आणि १ लाख ८ हजार उत्पन्न धरतात. पण भाडेकरू बदलताना एखादा महिना जागा रिकामी राहतेच. उरले ९९ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००, पालिकेचा कर ४ हजार, रंग-दुरुस्तीसाठी बाजूला ८ हजार, दलाली आणि करारनोंदणी ६,६०० असे ३३ हजार वजा करा. हातात राहतात ६६ हजार, म्हणजे महिना साडेपाच हजार. २४ लाखांवर हे पावणेतीन टक्के झाले.

आता यातील १५ लाख बँकेकडून ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले असे धरा. हप्ता सुमारे साडेतेरा हजार येतो. भाड्यातून साडेपाच हजार, म्हणजे दर महिन्याला ८ हजार, वर्षाला ९६ हजार रुपये दुकानाच्या गल्ल्यातून भरायचे. पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच १ लाख ३० हजारांच्या वर जाते आणि भाडे त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. मग भाडेकरू आपले कर्ज फेडतो असे कसे म्हणायचे? कर्ज दुकान फेडते.

यावर उत्तर ठरलेले असते: किंमत वाढेल ना! वाढेलही. पण वाढलेली किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही आणि तिच्यातून सूतवाल्याचे बिल चुकते करता येत नाही.

आपल्यातील अनेक जण व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात. त्यांच्यासाठी बँकेची वाट अजून खुली झालेली नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. म्हणून कोणी हेवी डिपॉझिटचा मार्ग धरतात. भाडेकरूकडून चार-पाच लाख एकदम घ्यायचे आणि भाडे घ्यायचे नाही किंवा नाममात्र घ्यायचे. व्याज नाही म्हणून हे सोपे वाटते. पण ती रक्कम उत्पन्न नव्हे, दुसऱ्याची अमानत आहे. ती धंद्यात फिरवली आणि मुदत संपताना नवा भाडेकरू मिळाला नाही, तर परत कशातून करणार?

आमच्या मते भागीदारीची वाट अधिक सरळ आहे. तिघा भावांनी आठ-आठ लाख घालावेत. वरच्या हिशेबाने प्रत्येकाला वर्षाला २२ हजार येतील. ज्याला जागा पुढे स्वतःकडे हवी, त्याने दरवर्षी जमेल तसा इतरांचा हिस्सा विकत घ्यावा. त्याचा हिस्सा वाढेल तसा भाड्यातील वाटाही वाढेल. मात्र खरेदीखतावर तिघांची नावे हवीत. हिस्सा विकताना किंमत कशी ठरवायची आणि रिकाम्या महिन्यांचा खर्च कोणी उचलायचा, हे आधीच लिहून ठेवावे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांची मुले पुढे कोर्टात भेटतात.

भाडेकरूबरोबरचा कागदही तितकाच महत्त्वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलट सिद्ध करणे मालकाच्या माथी येते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे. थोडा खर्च वाचवण्यासाठी तोंडी व्यवहार करणे म्हणजे २४ लाख उघड्यावर ठेवणे. भाडे खात्यात घ्यावे आणि आयकरात दाखवावे. पालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. ती न घेता भाडे लपवण्यात शहाणपण नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. स्वतःच्या कारखान्यासाठी गाळा घेणे ही वेगळी बाब आहे. तिथे भाडेकरू आपणच असतो, आज देत असलेले भाडे वाचते आणि जागा रिकामी राहण्याची भीती नसते. म्हणून पहिली खरेदी धंद्याच्या जागेची असावी, भाड्याच्या खोलीची त्यानंतर.

खरेदीच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. एका पूर्ण हंगामाच्या कच्च्या मालाचा आणि मजुरीचा पैसा बाजूला राहतो काय? जागा सहा महिने रिकामी राहिली तरी हप्ता आणि मेंटेनन्स भरता येईल काय? आणि हाच पैसा धंद्यात घातला तर वर्षाला किती देईल? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, किंवा धंद्याचा आकडा भाड्यापेक्षा बराच मोठा असेल, तर बयाणा देऊ नये. खोली पुढच्या वर्षीही मिळेल. हातचे गिऱ्हाईक आणि घडवलेला कारागीर एकदा गेला की सहसा परत येत नाही.