प्रिंटर हरवत नाही, त्याचा पत्ता हरवतो

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपल्या व्यापारी बांधवांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारा प्रिंटर आज सकाळी कॉम्प्युटरवर दिसतच नाही. यंत्र समोर टेबलावर आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, कागद भरलेला आहे. परंतु कॉम्प्युटर म्हणतो, असा प्रिंटर येथे नाही! बाहेर गाडी भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न देतो आहे आणि बिल काही निघत नाही. मग जो तो आपल्या समजुतीप्रमाणे उपाय करतो. कोणी कॉम्प्युटर पाच वेळा बंद-चालू करतो, कोणी कार्ट्रिज बदलतो, कोणी नागपूरहून माणूस बोलावतो आणि कित्येकजण वैतागून नवा प्रिंटर विकत आणतात. दोन महिन्यांनी तो नवाही तसाच गायब होतो. या सर्व प्रकारात जाणारा पैसा बहुतांशी वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून मोठे नुकसान दुसरीकडेच होते, त्याविषयी पुढे लिहीत आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की बिलाचा कागद ही आपल्या धंद्यात शोभेची वस्तू नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: एक घेणाऱ्याची, एक वाहतूक करणाऱ्याची, एक आपली. ई-वे बिलाचा क्रमांक मोबाईलवर दाखवला तरी चालतो, परंतु ज्यांना ई-इनव्हॉइस लागू नाही अशा लहान व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर बिलाची प्रत असावीच लागते. कागदाशिवाय गाडी रस्त्यात अडवली गेली, तर कलम १२९ खाली १ जानेवारी २०२२ पासून कराच्या दुप्पट दंड आहे. १८ टक्के कराचा एक लाखाचा फर्निचरचा माल असेल, तर कर १८ हजार आणि दंड ३६ हजार. आरामशीनवाल्याला किंवा फर्निचर करणाऱ्या कारागिराला हा आकडा झेपणारा नाही. धर्माच्या बाजूनेही पाहावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची सविस्तर ताकीद आहे. लेखी व्यवहाराची शिस्त आपल्याला कोणा खात्याने शिकवलेली नाही.

आता मूळ रोगाकडे वळू. आपल्याकडे हा रोग बहुतेक वेळा विजेपासून सुरू होतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे. येथील कोळसा जळतो, राख येथे पडते आणि वीज दूरवर जाते. पण अहेरी-सिरोंचाकडे जंगलातून गेलेल्या तारांवर पावसाळ्यात एक फांदी पडली की दुकानात अंधार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. असो. वीज जाते आणि येते, तेव्हा दुकानातील राऊटर, प्रिंटर आणि कॉम्प्युटर सगळे एकदम जागे होतात. राऊटर हा नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक वाटतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हाच त्या यंत्राचा पत्ता. हा पत्ता कायमचा नसतो, ठराविक मुदतीपुरता भाड्याने दिलेला असतो. वीज आल्यावर आधी मुलाचा मोबाईल जागा झाला, तर प्रिंटरचा जुना पत्ता त्या मोबाईलला मिळू शकतो आणि प्रिंटर दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. उत्तर येत नाही, म्हणून तो ‘ऑफलाईन’ असे लिहितो. घर बदललेल्या माणसाला जुन्या घरी पत्रे पाठवत राहावे, तसा हा प्रकार आहे. यात प्रिंटर बिघडला कोठे?

तेव्हा नवा प्रिंटर आणण्यापूर्वी एवढे करून पाहावे. नेटवर्कच्या बहुतेक प्रिंटरांना स्वतःच्या बटणांवरून आपली माहिती छापता येते. त्यास कॉम्प्युटरची गरज नसते. त्या पानावर त्याचा आजचा पत्ता लिहिलेला असतो. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ हा शब्द आणि पुढे तो पत्ता टाकावा. उत्तर आले, तर यंत्र ठीक आहे, तार ठीक आहे, दोष फक्त कॉम्प्युटरच्या वहीत आहे. उत्तर नाही आले, तर वायफाय तपासावे. पुष्कळ जुने प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतात; नव्या राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचे तेवढे चालू ठेवले, तर त्यांना काहीच दिसत नाही. इंटरनेटची कंपनी बदलली की नवा राऊटर येतो आणि १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२९ अशी वेगळीच आळी सुरू होते. प्रिंटरला जुन्या आळीतला क्रमांक हाताने बांधून दिलेला असेल, तर तो तेथेच एकटा पडतो.

पक्का इलाज म्हणजे पत्ता कायम करणे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. प्रिंटरच्या त्याच छापील पानावर मॅक क्रमांक असतो. तो तेथे नोंदवला की राऊटर त्या यंत्रासाठी एकच पत्ता राखून ठेवतो. नंतर कॉम्प्युटरवर प्रिंटर जोडताना यादीतून आपोआप येणारे नाव न निवडता ‘टीसीपी-आयपी पोर्ट’ निवडावा आणि तो पत्ता स्वतः टाकावा. विंडोज आपल्या मनाने पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट लावते. त्याची सारी मदार प्रिंटर दर वेळी आपोआप सापडण्यावर असते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर तो भरवशाचा नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे. राऊटरला एक छोटा यूपीएस लावला, तर निम्मी कटकट तेथेच मिटते. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नये. तो गरम होताना इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो.

अडकलेले बिल पुढच्या सर्व बिलांची वाट अडवून बसते, असेही होते. तेव्हा ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून, सिस्टम३२ च्या स्पूल फोल्डरातील ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर रिकामे करून, ती पुन्हा सुरू करावी.

येथवर सोपे होते. दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे आणि माझा खरा मुद्दा त्यातच आहे. आपल्या दुकानांत एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० हे प्रिंटर फार दिसतात. मजबूत यंत्रे आहेत, सेकंडहँड बाजारातही मिळतात. परंतु त्यांना नेटवर्कचे तोंडच नाही. ते एका कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडलेले असतात आणि तो कॉम्प्युटर इतरांना ते वापरू देतो. म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जो प्रिंटर ‘हरवतो’, तो वास्तविक त्या पहिल्या कॉम्प्युटरमुळे. तो झोपला, त्याचे नाव बदलले, पासवर्ड बदलला की प्रिंटर गेला.

आणि आता तर विंडोजनेच जुने रस्ते एकेक करून बंद केले आहेत. एसएमबी१ नावाची देवघेवीची जुनी पद्धत ऑक्टोबर २०१७ नंतरच्या नव्या विंडोज १० मध्ये सुरुवातीपासून बंद असते. एक्सपी तीच एक भाषा बोलते, म्हणून एक्सपीवरचा प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला दिसत नाही. नेटवर्कवरील शेजारी कॉम्प्युटरांची जुनी यादीही त्याच पद्धतीवर चालत असे. ती रिकामी झाली. २०१८ मध्ये ‘होमग्रुप’ काढून टाकला. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटिंगच्या व्यवस्थेत ‘प्रिंटनाईटमेअर’ नावाची मोठी फट उघडकीस आली आणि ती व तिच्यासारख्या फटी बुजवताना सप्टेंबरच्या सुधारणेने असंख्य ऑफिसांत शेअर केलेले प्रिंटर तोडले. शेवटी ‘११बी’ असलेली ती चूक अनेकांनी पाहिली असेल. २०२४ च्या विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत तर बिनपासवर्डाचे शेअर स्वीकारलेच जात नाही. आपल्याला वाटते, कॉम्प्युटर रुसला. खरे तर त्याने दारे लावून घेतली आहेत.

मग दुरुस्तीवाला येतो. त्याला पाच मिनिटांत प्रिंटर चालू करून दाखवायचा असतो, कारण मालक डोक्यावर उभा असतो आणि देणार काय, तर दोन-तीनशे रुपये! तो सुधारणा काढून टाकतो, पुढच्या सुधारणा बंद करतो, एसएमबी१ पुन्हा चालू करतो, फायरवॉल उतरवतो. प्रिंटर चालू होतो, चहा होतो, सगळे खूश. दुकानाचे मागचे दार उघडे राहिले, हे मात्र कोणालाच कळत नाही.

त्या दाराने काय आत येते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी१ मधल्याच फटीतून जगभर पसरला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरला आणि पसरताना त्याने जे मार्ग वापरले, त्यांत हीच फट होती. मर्स्क ही जगातील बलाढ्य जहाज कंपनी ठप्प झाली आणि आपल्या न्हावाशेवा येथे जेएनपीटी बंदरातील तिचे कंटेनर टर्मिनलही. फट बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्येच दिलेली होती! मर्स्कसारखी कंपनी सावरते. मूल किंवा राजुऱ्याच्या दुकानदाराची पाच वर्षांची उधारी एका कॉम्प्युटरवर असेल आणि ती एका रात्रीत कुलूपबंद झाली, तर तो कोणाकडे जाणार? ते खाते त्याचे एकट्याचे नाही. गिऱ्हाइकांची बाकी, कारागिरांची मजुरी, कोणाचा आगाऊ दिलेला पैसा, हे सारे त्यात आहे. ती अमानत आहे. प्रिंटरच्या सोयीसाठी अमानतीचे दार उघडे टाकणे मला पटत नाही.

म्हणून दुरुस्तीवाल्याला पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: कोणती सुधारणा काढली? एसएमबी१ चालू केले का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते काम पूर्ववत करून घ्यावे आणि दुसरा मार्ग काढायला सांगावा. मार्ग आहेत. ज्या कॉम्प्युटरवर बिल बनते, त्यालाच प्रिंटर केबलने जोडणे हा सर्वांत साधा. एकच कॉम्प्युटर असणाऱ्या कारागिराने तर नेटवर्कच्या भानगडीत पडूच नये. दोन-तीन टेबलांवरून छापायचे असेल, तर पुढच्या खरेदीत लॅनचे तोंड असलेला प्रिंटर घ्यावा, म्हणजे मधला कॉम्प्युटर लागत नाही. जुना प्रिंटर नेटवर्कवर आणण्यासाठी स्वस्त ‘प्रिंट सर्व्हर’ डबी मिळते, परंतु १०२० साठी ती घेताना सावध राहावे. हा प्रिंटर दर वेळी चालू केल्यावर आपला कारभार कॉम्प्युटरकडून भरून घेतो. साधी डबी ते करू शकत नाही. विकणारा हे सांगेलच असे नाही.

आपल्यातील बहुतेकांचे कॉम्प्युटर सेकंडहँड आहेत, यात कमीपणा मुळीच नाही. मात्र विंडोज ७ ला सुधारणा मिळणे जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. अशा वेळी जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त बिलासाठी ठेवणे आणि बँक, जीएसटी वेगळ्या यंत्रावर करणे हा मला शहाणपणाचा तोडगा वाटतो. आणखी एक गोष्ट कडू वाटली तरी लिहितो: चोरीची विंडोज. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या मालावर लिहिणे मनाला टोचत नाही काय? शिवाय अशा प्रतींत सुधारणा बहुधा बंद करूनच दिलेल्या असतात.

आपल्या किती मुलांनी आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम केला आहे आणि आज ती काय करतात? कोणी मोबाईल रिचार्जच्या दुकानात बसला आहे, कोणी घरी. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा रस्ता तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर. तेथे नागपूरचा माणूस केव्हा पोहोचणार? एका गावातील दहा दुकानदारांनी मिळून एका मुलाला महिन्याची ठरलेली रक्कम द्यावी. त्याने प्रत्येक दुकानातील राऊटर, प्रिंटर आणि त्यांचे पत्ते एका वहीत लिहून ठेवावेत. वहीची एक प्रत मालकाकडे असावी. आणि मजुरी देताना घासाघीस करू नये. घाईघाईच्या दुरुस्तीचे मूळ पुष्कळदा आपल्याच हात आखडण्यात असते.

आपल्याच भागातील एक गोष्ट येथे आठवते. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती मिळाले. गावाने आपला बांबू आपल्या सहीने बाहेर पाठवायचा, ही त्यामागची मोठी गोष्ट. ते साधे पुस्तक होते, पेनाने भरायचे. त्याला ना राऊटर लागत, ना ड्रायव्हर.

हाताने लिहिलेले बिल जीएसटीतही चालते, हे बरेचजण विसरले आहेत. त्यात नियमाप्रमाणे सर्व तपशील हवा आणि क्रमांक ओळीने हवा, एवढेच. बिलांच्या एकापेक्षा अधिक मालिका ठेवण्यास नियम परवानगी देतो. म्हणून गल्ल्यात वेगळ्या अक्षराची मालिका असलेले, तीन प्रतींचे छापील बिलबुक कायम असू द्यावे. प्रिंटर गायब झाला की गाडी त्यावर रवाना करावी, संध्याकाळी तीच बिले त्याच क्रमांकांनी कॉम्प्युटरमध्ये चढवावीत, आणि पत्त्याचा शोध दुकान बंद झाल्यावर निवांत घ्यावा.